पोहता येत नाही, तरी सुवर्णदुर्गाला जाऊ का?

प्रिय ताई,

मी 28 वर्षांचा, पुण्यात नोकरी करतो. कॉलेजपासूनचे आम्ही सहा जण, दोन गाड्या घेऊन कोकणात दापोलीजवळच्या हर्णैला आणि तिथून होडीने समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्यावर जायचं ठरवतोय. बेत असा : शुक्रवारी ऑफिस सुटलं की रात्रीच निघायचं, पहाटे हर्णै गाठायचं, तसंच होडीत बसायचं आणि शनिवारची रात्र बेटावरच तंबू टाकून चांदण्यात काढायची. त्यासाठी मुद्दाम पौर्णिमेचा शनिवार निवडलाय. मला पोहता येत नाही. नऊ वर्षांचा असताना मामाच्या विहिरीत बुडता बुडता वाचलोय. मी ग्रुपवर लाइफ जॅकेटचं विचारलं तर सगळ्यांनी हसण्यावारी नेलं, तेव्हापासून मला ‘आजोबा’ म्हणतात. एका मैत्रिणीला बोट लागते, पण ती ग्रुपवर काहीच बोलत नाही, मला एकट्याला फोनवर म्हणाली. बेत आखणारा माझा सगळ्यांत जवळचा मित्र आहे आणि तो मार्चमध्ये कायमचा जर्मनीला चाललाय. ‘ही शेवटची ट्रिप’ असं तो सारखं म्हणतो. मी नाही म्हटलं तर दुखावेल. ऑफिसचं कारण सांगून टाळू का? की डोळे मिटून जाऊ? आईला अजून काही सांगितलेलं नाही.

– एक भित्रा, पुणे

प्रिय मित्रा,

पत्राखालची सही मी मनातल्या मनात खोडली आहे. नवव्या वर्षी विहिरीचं पाणी नाकातोंडात गेलेला माणूस होडीत बसण्याआधी जॅकेट विचारतो, याला मी शहाणपण म्हणते. आणि माझं उत्तर आधीच सांगते : ऑफिसचं कारण सांगू नकोस, डोळेही मिटू नकोस. जा. फक्त हा बेत बदलून जा.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण मी एकदा तुझ्या मित्रांच्या बाजूला होते. तेवीस वर्षांची असेन. आम्ही पाच जणी अलिबागला गेलो होतो. ओहोटी होती, कुलाबा किल्ल्यापर्यंत वाळूतून चालत गेलो. जाताना एका घोडागाडीवाल्या काकांनी बजावलं होतं, तासाभरात परत फिरा. आम्ही तटावर बसून राहिलो. आमच्यातली एक जण दोनदा म्हणाली, ‘चला ना आता, पाणी वाढतंय.’ आम्ही दोन्ही वेळा हसलो, दुसऱ्या वेळी तर मीच सगळ्यांत मोठ्याने. परत निघालो तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत होतं आणि मध्यावर कंबरेच्या वर गेलं. खालची वाळू पायाखालून सरकते ना, तशी सरकत होती. ती माझा दंड धरून चालत होती आणि तिची नखं मला रुतत होती. किनाऱ्याला लागलो, कुणाला काही झालं नाही. पण ती नंतर आमच्याबरोबर कधीही कुठे आली नाही. पाण्यापेक्षा आमच्या हसण्याने ते केलं, हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

म्हणून तुझ्या गटाने एकच नियम निघण्याआधी मान्य करावा असं मला वाटतं : ज्याला सगळ्यांत जास्त भीती वाटते, त्याने ‘परत’ म्हटलं की सगळे परत. चर्चा नाही, मतदान नाही, नंतर चिडवणंही नाही. होडीत बसण्याआधी म्हणाला तरी, अर्ध्या वाटेत म्हणाला तरी. घाबरलेला माणूस होडीत गप्प बसला आणि लाट आली की उठून उभा राहिला, तर सहाही जणांचा तोल जातो. तो बोलू शकला तर होडी वेळेत वळवता येते.

आता बेताकडे येऊ. तुझ्या मित्राने सगळं काही घड्याळाकडे आणि सुट्टीकडे बघून ठरवलंय. समुद्राचं वेळापत्रक त्याने पाहिलेलंच नाही. ते चंद्रावर चालतं. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती सगळ्यांत उंच आणि ओहोटी सगळ्यांत खोल. मुंबईकडे उधाणाची भरती 4 मीटरच्या वर जाते, हर्णैला त्याहून कमी, पण होडीतून खडकाळ किनाऱ्यावर पाय टाकणाऱ्या माणसाला तेवढाही फरक फार होतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा भरती-ओहोटीतला फरक कमी, पाण्याची ओढही कमी. पोहता न येणारा एक आणि बोट लागणारी एक अशी दोन माणसं बरोबर असताना मी पौर्णिमेचा शनिवार सोडून अष्टमीच्या जवळचा शनिवार-रविवार घेईन. चांदणं अगदीच नाही असं नाही. शुद्ध अष्टमीला अर्धा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीपर्यंत पुरतो. ते चांदणं हर्णैच्या किनाऱ्यावर बसून बघा, समोर काळा तट दिसतो.

भरतीची वेळ काढायला कोकणात एक जुना हिशेब आहे, तो तुझ्या मित्राला नक्की आवडेल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दोन भरत्यांत साधारण साडेबारा तासांचं अंतर, आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणूनच पाऊणपट. मिनिटामिनिटाचा हिशेब हवा असेल तर फोनवर भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात. पण दिवस निवडायला दिनदर्शिका पुरते.

आणि शेवटचा शब्द ना तक्त्याचा, ना दिनदर्शिकेचा. तो तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्याचा. हर्णै बंदरातून सुवर्णदुर्गाला नेणारे लोक मुळात मासेमारी करणारे आहेत. त्या पाण्यात खडक कुठे आहेत, कुठल्या वाऱ्यात होडी कुठल्या बाजूने लावायची, हे त्यांना हाताच्या रेषांसारखं पाठ असतं. ते म्हणाले ‘आज नको’, तर दुसऱ्या होडीवाल्याकडे जास्त पैसे घेऊन जाऊ नका. एवढी एक गोष्ट तू गटाकडून कबूल करून घेतलीस तरी माझ्या पत्राचं काम झालं.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, आठवतं? ते इथे उपयोगी पडतं. पहाटेपासून सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे, हलका. दुपार चढली की समुद्राकडून जमिनीकडे, जोराचा, आणि पाण्यावर लाटा उठतात. त्यामुळे बेट सकाळचं. साडेसात-आठला निघायचं, साडेदहापर्यंत परत बंदरात. बोट लागणाऱ्या मैत्रिणीसाठी तर ही वेळ औषधासारखी आहे. तिने रिकाम्या पोटी बसू नये आणि भरल्या पोटीही नाही. थोडी भाकरी किंवा सुके पोहे, तोंडात आल्याची वडी, होडीच्या मागच्या भागात बसायचं आणि नजर फोनवर न ठेवता क्षितिजावर. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी. होडीत बसल्यावर घेतलेली गोळी उशिरा पोचते.

आता बेटावरच्या रात्रीबद्दल. हा भाग मला स्पष्ट सांगायलाच हवा : तंबू नाही. सुवर्णदुर्ग केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे आणि अशा जागी सूर्यास्तानंतर थांबता येत नाही, चूल पेटवता येत नाही, परवानगीशिवाय ड्रोनही उडवता येत नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत हा एक आहे. पण नियम बाजूला ठेवला तरी जागा कशी आहे ते बघ. तिथे कुणी राहत नाही. दुकान नाही, शौचालय नाही, पिण्याजोगं पाणी नाही. टाकी आहेत, त्यांतलं पाणी पिऊ नका. आत झाडोरा माजलेला, त्यात साप-विंचू असणारच. रात्री कुणाचा पाय मुरगळला तर पहाटेपर्यंत होडी येणार नाही. माझ्या लेखी त्या एका गोष्टीने प्रश्न संपतो.

आणि ही जागा मुळात माणसाला उतरायला त्रास व्हावा म्हणूनच बांधलेली आहे, हे विसरू नकोस. चारही बाजूंनी खडक, त्यावर सरळ उभा तट. महादरवाजा असा बसवलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. तुम्हाला दिसेल ती फक्त भिंत, आणि मग एकदम तिच्यात दार. 1660 च्या सुमाराला शिवाजी महाराजांनी हा किल्ला आदिलशाहीकडून घेतला आणि आरमारासाठी बळकट केला. पुढे कान्होजी आंग्र्यांचं नाव इथूनच मोठं झालं. धक्का वगैरे आजही नाही. होडी वाळूच्या पट्ट्याजवळ येते आणि गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. तुझ्यासाठी सगळ्या प्रवासातला हाच एक कठीण क्षण आहे, म्हणून तो आधीच डोळ्यांसमोर आण : तांडेल होडी स्थिर धरेल, आधी तुझा मित्र उतरेल, तो हात देईल, मग तू. ‘मी तुझा हात धरून उतरणार आहे’ हे त्याला घरीच सांगून ठेव. लाट मागे गेली की पाय टाकायचा, येत असताना नाही. तांडेल ‘आता’ म्हणेल.

पायात मागे पट्टा असलेली सँडल घाल. साध्या चपला वाहून जातात, आणि अनवाणी उतरलास तर खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कपच्या पाय कापून काढतात. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, फोन प्लास्टिकच्या पिशवीत. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पोहता येणाऱ्यालासुद्धा, आणि ते मांडीवर घेऊन बसायचं नाही, अंगात घालून पट्टे आवळायचे. सहा माणसं, सहा जॅकेट, हे मोजल्याशिवाय पैशांचं बोलू नकोस. तांडेलाकडे कमी असतील तर पुण्याहून दोन घेऊन जा. ‘आजोबा’ म्हणतील, म्हणू देत. आणि किल्ल्याभोवती कुणीही पोहायला उतरायचं नाही. चांगलं पोहणारे तिथेच फसतात, कारण तलावात ओढ नसते आणि खडकांमधल्या पाण्यात असते.

मग हे सगळं दोन दिवसांत कसं बसवायचं? मी असं करीन. शुक्रवारी रात्री झोपायचं. दिवसभर काम केलेल्या माणसाने रात्री ताम्हिणी घाट उतरू नये, दोन गाड्या एकमेकींच्या मागे असतील तर मुळीच नाही, कारण पुढच्याला गाठायच्या नादात मागचा चुकतो. शनिवारी पहाटे पाचला निघा. ताम्हिणीने माणगाव, मग आंबेतला सावित्री नदी ओलांडून मंडणगडवरून दापोली आणि हर्णै. अंतर 200 किलोमीटरच्या आसपास, पण वळणं इतकी की सहा तास धरा. आंबेतचा पूल पूर्वी दुरुस्तीसाठी बंद राहिलेला आहे, तेव्हा निघण्याआधी मुक्कामाच्या घरी फोन करून रस्ता विचारा. गाडी चालवणाऱ्यांनी दर दोन तासांनी जागा बदलायची. तुला गाडी चालवता येत असेल तर तुझी पाळी घे. शनिवारी गाडीतली माणसं तुझ्या हातावर विश्वास टाकून बसलेली असली की दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातावर विश्वास टाकणं तुलाही सोपं जाईल.

दुपारी पोचून घरगुती खानावळीत जेवा. थोडं पडा. चारनंतर बंदरावर जा, तिथे मासळीचा लिलाव बघा. होड्या किनाऱ्याला लागतात, टोपल्या वाळूवर ओतल्या जातात आणि बघता बघता सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग विकले जातात. बायकांचा आवाज त्यात सगळ्यांत वरचा. तिथेच उद्याच्या होडीचं ठरवा. तांडेलाशी निवांत बोला, त्यांना ‘मला पोहता येत नाही’ असं सरळ सांग. लाजू नकोस. समुद्रावर जगणारा माणूस पाण्याच्या भीतीला हसत नाही, हा माझा अनुभव आहे. तो तुला कुठे बसायचं ते स्वतः दाखवील.

संध्याकाळी कनकदुर्गावर चढा, तिथे दीपगृह आहे. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तिघे उभे आहेत, समोरच्या सुवर्णदुर्गाचे पाठीराखे. तिथून उद्याची वाट पूर्ण दिसते. तू ती बघून ठेव. बेट आपण समजतो त्याहून जवळ आहे. मला वाटतं, त्या संध्याकाळी तुझी अर्धी भीती कमी होईल. नाहीच झाली तर तो नियम आहे ना : तू ‘परत’ म्हण, आणि रविवारी सकाळी सगळे आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जा. तिथून सुवर्णदुर्ग उंचावरून दिसतो, आणि ती सकाळ मुळीच वाया जात नाही.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, तरी सांगते. दापोलीजवळच्या कर्दे, मुरूडच्या वाळूवर गाड्या नेऊ नका. मोठा, सपाट, टणक दिसणारा किनारा बघून मोह होतो. चाक रुततं, भरती चढते आणि गावकऱ्यांना आपला दिवस सोडून दोर घेऊन धावावं लागतं. गाडी नारळीच्या सावलीत उभी करून चालत जा.

आता तुझा मित्र. त्याच्याशी ग्रुपवर बोलू नकोस. ग्रुपवर प्रत्येक वाक्याला प्रेक्षक असतात आणि प्रेक्षक असले की माणूस माघार घेत नाही. त्याला एकट्याला चहाला बोलाव आणि विहिरीची गोष्ट सांग. माझा अंदाज आहे की इतक्या वर्षांत तू त्याला ती पूर्ण कधी सांगितलेलीच नाहीस. मग म्हण, ‘मला तुझ्याबरोबर यायचंय. तू जाण्याआधी मला तो दरवाजा तुझ्याबरोबर बघायचाय. पण रात्री बेटावर राहणं मला जमणार नाही, आणि होडीत मला जॅकेट हवं. हा बदललेला बेत बघ.’ एवढंच. मैत्रिणीचं नाव तू घेऊ नकोस, ते तिने तुला विश्वासाने सांगितलंय. पण तिला फोन करून सांग की तू बोलणार आहेस. बहुतेक तीही बोलेल. गटात पहिला बोलणारा एकच लागतो.

तो चिडला तर? चिडू दे थोडा. कायमचं परदेशी निघालेल्या माणसाला प्रत्येक गोष्ट शेवटची वाटते आणि ती भव्य व्हावी असं वाटतं. त्या चांदण्याच्या रात्रीमागे समुद्र कमी आणि तुम्ही पाच जण जास्त आहात. ते त्याला शनिवारी रात्री ओसरीवरही मिळेल.

आईला सांग. बेत बदलल्यावर सांग, म्हणजे सांगायला हिंमत लागणार नाही. मुक्कामाच्या घराचा नंबर दे, होडी किती वाजता निघणार आणि किती वाजता परत येणार ते सांग. तीच वेळ मुक्कामाच्या घरीही सांगून ठेवा, म्हणजे उशीर झाला तर विचारणारं कुणीतरी किनाऱ्यावर असेल. बंदरावर पाय टेकला की आधी तिला फोन.

आणि महादरवाज्यात पोचलात की वर बघत पुढे पळू नका. पायरीवर खाली कासव कोरलेलं आहे, आणि बाजूच्या तटावर मारुती. तिथे पाच मिनिटं बसा आणि मित्राला ही गोष्ट सांग. 1755 मध्ये कमोडोर विल्यम जेम्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने पेशव्यांशी हातमिळवणी करून हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. तो वारल्यावर त्याच्या बायकोने लंडनच्या शूटर्स हिलवर, झाडीत, त्याच्या आठवणीसाठी एक बुरुज बांधला, 1784 मध्ये. त्याचं नाव ठेवलं सेव्हर्नड्रूग कॅसल. ‘सुवर्णदुर्ग’ इंग्रजी जिभेवर असा झाला. तो बुरुज अजून उभा आहे. जर्मनीहून लंडन काही फार लांब नाही. तिथे जाऊन फोटो पाठवायचं त्याच्याकडून कबूल करून घे, आणि तुमच्या सहा जणांचा कासवाजवळचा फोटो त्याच्याबरोबर दे.

तुझी,
ताई